औषधाचे कपडे कोण धुतं? कातडी काय अडवते आणि काय अडवत नाही



द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली आहे. डाळिंबावर फवारे चालू आहेत, कांद्याला करप्याची धास्ती आहे आणि तूर फुलोऱ्यात आली की तिलाही अळीचं औषध मारावं लागणार. आपल्या मोहोळ तालुक्यात पुढचे तीन-चार महिने पाठीवरचे पंप आणि ट्रॅक्टरचे ब्लोअर थांबत नाहीत. त्यामुळे या वेळी आरोग्याच्या पानावर कातडीबद्दल लिहिते आहे.

कातडीबद्दल आपण विचार करतो तो सहसा रंगाचा. गोरी की सावळी, डाग आहे की नाही, लग्नाआधी उजळेल का. ती दिवसभर आपल्यासाठी काय काम करते हे कुणी सांगत नाही. आणि काय काम करत नाही, हे तर त्याहून सांगायला हवं. कारण "हाताला लागलं तर काय होतंय, पोटात थोडंच गेलंय" हे वाक्य मला जवळपास प्रत्येक गावात ऐकायला मिळतं.

आधी तिचं काम पाहू. मोठ्या माणसाची सगळी कातडी पसरली तर दीड ते दोन चौरस मीटर भरते, म्हणजे एका लहान सतरंजीएवढी. वजनालाही ती कित्येक किलो असते. पण आपलं खरं रक्षण करतो तो तिचा सगळ्यात वरचा थर, आणि तो कागदाहून जाड नसतो. पापणीवर तर अगदीच पातळ, तळपायावर मात्र जाड. हा वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. खाली नवीन पेशी तयार होतात, हळूहळू वर सरकतात, वाटेत मरतात, चपट्या होतात आणि वर एकावर एक बसतात. साधारण महिनाभरात वरचं कातडं झडून नवं येतं. अंग घासताना जो मळ निघतो, त्यात बराचसा हा झडलेला थरच असतो.

आपल्याकडे जुन्या गावठाणात अजून माळवदाची घरं आहेत. दगडमातीच्या भिंती, वर लाकडं आणि त्यावर पांढरी माती. पाऊस पडला तरी पाणी आत येत नाही, कारण ती माती पाणी धरून वरच्यावर वाहू देते. कातडीची बांधणी अशीच समजा. मेलेल्या पेशी म्हणजे दगडविटा, आणि त्यांच्या मधला गिलावा चरबीचा, म्हणजे तेलकट. तेलावर पाणी ठरत नाही हे आपल्याला फोडणी देताना रोज दिसतं. म्हणून आपण नदीत डुंबलो, तासभर कपडे धुतले, पावसात भिजलो तरी पाणी अंगात मुरत नाही. आणि उलटं, आपल्या अंगातलं पाणीही उन्हानं उडून जात नाही. हे दुसरं काम जास्त मोठं आहे. ही भिंत नसती तर एप्रिलमध्ये चाळीसच्या वर पारा गेल्यावर आपण दुपारपर्यंत सुकून गेलो असतो.

जळालेल्या माणसाचं काय होतं ते पाहिलं की हे पटतं. मोठं भाजलं की माणूस नुसत्या आगीनं दगावत नाही. भिंत गेल्यामुळे अंगातलं पाणी भराभर बाहेर जातं आणि जंतू आत शिरतात. म्हणून डॉक्टर अशा पेशंटवर दुसऱ्याची कातडी झाकण म्हणून घालतात. मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये २००० साली देशातली पहिली त्वचापेढी सुरू झाली. मेलेल्या माणसाच्या मांडीची, पाठीची वरची पातळ कातडी सहा तासांच्या आत काढून तिथे ठेवतात. रक्तगट जुळावा लागत नाही. ती कातडी कायमची चिकटत नाही, पण पेशंटची स्वतःची कातडी येईपर्यंत काही आठवडे पाणी आणि जंतू अडवते. मेलेल्या माणसाची मेलेली कातडीसुद्धा एवढं काम करते. (घरात कुणाला भाजलं तर वीस मिनिटं साधं गार वाहतं पाणी घाला. टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नका.)

या भिंतीला सोबती आहेत. केसांच्या मुळाशी तेलाच्या बारीक गाठी असतात, त्या कातडीला वरून तेल लावत राहतात. घाम आणि हे तेल मिळून कातडीवर किंचित आंबट असा लेप राहतो आणि त्या आंबटपणात बरेच अपायकारक जंतू वाढत नाहीत. लोणच्याला आंबटपणा टिकवतो तसंच. घामाच्या गाठी अंगभर वीस ते चाळीस लाख असतात. घाम वाळताना अंगाची उष्णता घेऊन जातो, माठातलं पाणी गार होतं त्याच रीतीनं. ऊन तापलं असताना रानात राबणाऱ्या बाईचा तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो. म्हणून तहान लागायची वाट न बघता पाणी प्यायचं. भुवया घाम डोळ्यात उतरू देत नाहीत, पापण्यांचे केस आणि नाकातले केस धूळ अडवतात. खळ्यावर मळणी करून आलात की नाक शिंकरून बघा, काय काय अडवलं ते दिसेल. कातडीतला काळा रंगसुद्धा छत्रीच आहे. उन्हातला जो भाग पेशींना आतून जाळतो तो हा रंग शोषून घेतो. आपल्या भागातल्या उन्हात सावळी कातडी ही कमतरता नव्हे, सोय आहे.

आणि नखं. नख म्हणजे बोटाच्या टोकाला मागून दिलेला टेकू. तो आहे म्हणून सुई धरता येते, शेंग सोलता येते, खडा निवडता येतो. महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. नखाच्या मुळाशी पातळ कातडीची जी कड असते ना, ती बोट आणि नख यांच्यातली शिवण आहे. कायम पाण्यात हात असलेल्या बायकांची ती शिवण उसवते, आत पाणी आणि जंतू जातात आणि नखुरडं होतं. ती कड दातानं किंवा कात्रीनं कधी काढू नका.

आता भाकरी थापणारा तळहात पाहा. तिथली कातडी जाड असते, राबणाऱ्या हाताची आणखी जाड होते, म्हणून तव्याची धग सोसते. पण तळहाताला तेलाच्या गाठीच नसतात. तिथे तेल येतं ते फक्त तुम्ही लावाल तेवढंच. त्यावर दिवसातून पाच-सहा वेळा भांड्यांची पावडर, राख, कपड्याचा सोडा. हे सगळं कातडीचा आंबट लेप मारतं आणि गिलाव्यातली चरबी धुऊन काढतं. मग हात खरखरीत होतात, भेगा पडतात. भेग म्हणजे भिंतीला गेलेला तडा. रात्री झोपताना ओलसर हाताला आणि टाचेला खोबरेल तेल किंवा कोकमाचं तेल चोळणं हे नटणं नाही, गिलावा भरणं आहे. माझी एक विनंती आहे: भेगेत बिब्बा घालू नका. बिब्बा उतला की काय होतं हे तुमच्यातल्या मोठ्या बायकांना माहीत आहे. भेगेत तो थेट जिवंत कातडीला भिडतो.

इथपर्यंत कातडीचं कौतुक झालं. आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

गिलावा तेलाचा आहे, म्हणून पाणी अडतं. पण तेल तेलात मुरतं. माळवदावर पाऊस ठरला तरी रॉकेल सांडलं तर ते कसं झिरपत जातं, तसं. जे पदार्थ तेलात विरघळतात ते कातडीच्या गिलाव्यातून वाट काढत खाली उतरतात आणि रक्तात पोचतात. बरीचशी कीटकनाशकं नेमकी याच जातीची आहेत. बाटलीवर नावापुढे "ई.सी." असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. ते औषध पाण्यात ओतलं की पाणी दुधासारखं पांढरं होतं. याचा अर्थ विष तेलकट द्रावणात आहे आणि पाण्यात त्याचे बारीक थेंब झाले आहेत. किड्याच्या अंगात शिरावं म्हणूनच ते तसं बनवलेलं असतं. आपल्या अंगात शिरताना त्याला कुणी वेगळा नियम घालून दिलेला नाही. (आपण त्याला औषध म्हणतो, हीच मुळात गंमत आहे. पिकाला औषध, बाकी सगळ्यांना विष.)

आणि ते झोंबत नाही. हिरवी मिरची चिरली की हात तासभर आग करतात, म्हणून आपण लगेच धुतो. बरीच कीटकनाशकं कातडीला न चावता, न खाजवता आत जातात. कातडीला गरम, थंड, टोचणं, दुखणं कळतं, विष कळत नाही. त्यामुळे "काही झोंबलं नाही" याला काही अर्थ नाही.

अंगाचा कुठला भाग किती आत घेतो हेही सारखं नसतं. १९७०च्या सुमारास अमेरिकेत पॅराथिऑन नावाच्या कीटकनाशकावर याची मोजणी झाली होती. कोपराखालच्या हातावरून जेवढं आत गेलं त्याला एक धरलं, तर तळहातावरून जेमतेम सव्वापट, पोटावरून दुप्पट, डोक्याच्या कातडीवरून आणि कपाळावरून जवळपास चौपट, काखेतून सातपट, आणि पुरुषांच्या जांघेतल्या नाजूक जागेवरून अकरा-बारा पट. आता पाठीवरचा पंप गळतो तेव्हा कुठे ओघळतं ते आठवा. पाठीवरून कमरेला आणि तिथून खाली. फवारा वाऱ्यानं उलटला की तोंडावर, कपाळावर. घाम पुसायला तोच भिजलेला टॉवेल पुन्हा कपाळावर. उन्हात कातडी तापलेली असते, घामानं भिजलेली असते, तेव्हा ती आणखी जास्त आत घेते. आणि आपल्याकडे फवारणी दुपारीही चालते.

हे पुस्तकातलं सांगत नाही. २०१७च्या पावसाळ्यात आपल्याच राज्यात, यवतमाळ जिल्ह्यात, कपाशीवर फवारणी करणारे शेतकरी आणि मजूर एकामागोमाग एक आजारी पडले. वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात दाखल झाली. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती, म्हणून पंपाची नळी वर धरून मारावं लागत होतं आणि सगळा फवारा अंगावर पडत होता. त्यांनी विष प्यायलं नव्हतं. ते अंगावर आणि श्वासात घेतलं होतं. अंगावर साधा शर्ट, कित्येकांच्या पायात चप्पल नाही. बरेच जण दुसऱ्याच्या रानात रोजानं फवारणी करणारे होते, म्हणजे रोज तेच काम, रोज तेच कपडे.

आपल्याकडे ऊस, डाळिंब, द्राक्षं. द्राक्षाचा मांडव डोक्यावर असतो आणि डाळिंबाचं झाडही चेहऱ्याच्या उंचीचं. यवतमाळची कपाशी एका वर्षी उंच झाली, आपल्या बागा दर वर्षी उंचच असतात.

तुमच्यातल्या कित्येकजणी म्हणतील, आम्ही पंप कुठे घेतो? खरं आहे, पंप बहुतेक पुरुषांच्या पाठीवर असतो. पण टाकीत पाणी कोण ओततं? नळी कोण ओढतं? फवारणी झालेल्या बागेत दुसऱ्या दिवशी विरळणीला, डाळिंबाची फुलं खुडायला कोण जातं? आणि संध्याकाळी तो शर्ट, ती पँट, तो टॉवेल कोण धुतं? हातमोजे न घालता, उकिडवं बसून, पोराच्या शाळेच्या ड्रेसबरोबर एकाच बादलीत. फवारणाऱ्याच्या अंगावर थेंब पडले, पण धुणारीचे हात कोपरापर्यंत त्या पाण्यात भिजतात, आणि तिचे हात आधीच सोड्यानं फाटलेले असतात. भिंतीला तडे आणि वरून विषाचं पाणी.

म्हणून या अंकातलं दुसरं काही वाचलं नाही तरी चालेल, पण पुढचं घरात मोठ्यानं वाचा. फवारणीचे कपडे घरात येऊच देऊ नका. बाहेर वेगळ्या दोरीवर, पोरांचा आणि जनावरांचा हात-तोंड पोचणार नाही असे टांगा. धुवायचे त्याच दिवशी, कारण जितके पडून राहतील तितकं विष कापडात मुरतं. वेगळी बादली ठेवा आणि तिच्यावर खूण करा. रबरी हातमोजे घाला. कापडी मोजे नकोत, ते भिजले की विष हाताला बांधून ठेवतात. आधी काठीनं नुसत्या पाण्यातून काढा, मग साबणानं दोनदा धुवा, कडक उन्हात वाळवा. ते पाणी विहिरीजवळ, ओढ्यात किंवा जनावरांच्या हौदाकडे सोडू नका. आणि ज्या शर्टावर औषधाची बाटलीच सांडली आहे, पाणी न मिसळलेलं औषध, तो धुऊन उपयोग नाही. तो टाकायचाच. शर्टाची किंमत दवाखान्याच्या एका बाटलीपेक्षा कमी आहे.

फवारणाऱ्यानं घरी आल्यावर आधी साबणानं आंघोळ करायची, मग चहा, मग पोराला उचलणं. हा क्रम बदलू देऊ नका. पुरुष ऐकत नाहीत, "वीस वर्षं मारतोय, मला काय झालं" म्हणतात. त्यांना सांगा, वीस वर्षं रोज थोडं थोडं आत गेलंय त्याचा हिशोब कुणी मांडला नाही म्हणून "काही झालं नाही" असं वाटतं.

बाटलीवर एक चौकोन असतो, त्यात रंगीत त्रिकोण. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. वाचता येत नसेल तरी रंग कळतो. हिरवा म्हणजे निर्धोक असं मात्र नाही, चारही विषच आहेत.

अंगात विष गेलं की काय होतं? फवारणीतली बरीच औषधं नसांवर काम करतात. आपल्या नसा एकमेकींना आणि स्नायूंना निरोप पाठवतात. निरोप पोचला की तो पुसून टाकणारा एक रस शरीरात असतो. या जातीची कीटकनाशकं त्या रसालाच बांधून टाकतात. मग निरोप पुसलाच जात नाही, चालूच राहतो. तोंडाला पाणी सुटतं, घाम फुटतो, डोळ्यातून पाणी येतं, अंधुक दिसतं, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक होते, पोटात मुरडा येतो, उलटी-जुलाब होतात, दंडाचे-मांडीचे स्नायू फडफडतात आणि शेवटी श्वास घुसमटतो. आपल्याकडे यातल्या सुरुवातीच्या खुणांना "ऊन लागलं" म्हणून कांद्याचा रस देऊन झोपवतात. उष्माघातात अंग तापून बहुतेकदा कोरडं पडतं. इथे लाळ गळते, घाम धो-धो येतो आणि बाहुली बारीक होते. फरक नाही कळला तरी हरकत नाही, दोन्हीला दवाखानाच आहे. माणसाला रानातून वाऱ्यावर बाहेर काढा, सगळे कपडे उतरवा, साबण आणि भरपूर पाण्यानं अंग, केस, नखांच्या बेचक्या पंधरा-वीस मिनिटं धुवा. मदत करणारीनं स्वतः मोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हाताला बांधावी. दूध, तूप, मीठपाणी काही पाजू नका, उलटी काढू नका. १०८ला फोन करा आणि औषधाची बाटली किंवा तिचं लेबल बरोबर न्या. कुठलं विष आहे हे कळलं की डॉक्टरांना उतारा लवकर ठरवता येतो.

द्राक्षातल्या पेस्टिंगबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण ते काम बायकाच करतात. छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला जे लावतात, ते हायड्रोजन सायनामाइड. हे वर सांगितलेल्या औषधांसारखं गुपचूप जात नाही, कातडी सरळ भाजतं. बोटांची सालपटं निघतात, डोळ्यात गेलं तर डोळ्याला इजा होते. फडक्यानं किंवा स्पंजनं लावायचं असलं तरी हातात पूर्ण रबरी मोजे हवेत, आणि मोजा फाटला की लगेच बदलायचा. फाटका मोजा हा बिनमोज्यापेक्षा वाईट, आत गेलेलं बाहेर येत नाही. बांगड्यांच्या खाली, अंगठीच्या खाली औषध अडकून बसतं, त्या दिवशी अंगठी घरी ठेवा. आणि घरातला पुरुष हे काम करणार असेल तर त्या दिवशी आणि नंतरचे काही दिवस दारू पूर्ण बंद. या औषधावर दारू पडली की तोंड लाल होतं, छाती धडधडते, चक्कर येते, माणूस कोसळू शकतो. दारूबंदीसाठी यापेक्षा चांगलं कारण मला अजून सापडलेलं नाही.

मोजे मागायला लाजू नका. बागायतदार मजुरी देतो तसे मोजेही त्यानंच द्यायचे. टोळीनं मिळून मागितले तर देतात, एकटीनं मागितले तर "तुलाच कशाला लागतात" म्हणतात.

खुरपणाऱ्या बायकांसाठी गाजर गवत. १९५५च्या सुमारास ते पहिल्यांदा पुण्यात दिसलं, आता बांधाबांधावर आहे. याचं विष फवारणीसारखं नसतं. कातडीत पहारेकरी पेशी असतात. एखादी वस्तू एकदा परकी म्हणून ओळखली की त्या ती विसरत नाहीत. म्हणून पाच-दहा वर्षं नुसत्या हातानं गाजर गवत उपटलेल्या बाईला एका वर्षी अचानक मानेला, पापण्यांना, कोपराच्या आत खाज सुटते आणि मग दर वर्षी सुटते. नंतर वाऱ्यानं आलेला परागसुद्धा पुरतो. फुलावर यायच्या आधी आणि मोजे घालून उपटा. टिकलीचंही असंच आहे. तिच्या डिंकातल्या एका रसायनामुळे काहीजणींच्या कपाळावर टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग पडतो. तो कोड नसतो, कुणाची दृष्टही नसते. टिकली बंद करून डॉक्टरांना दाखवा.

दुकानातल्या क्रीमबद्दल थोडक्यात. गजकर्णाला मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय जी ट्यूब आणतो, त्यातल्या पुष्कळ ट्यूबांत स्टेरॉइड असतं. दोन दिवसात खाज थांबते, कारण पहारेकरी झोपतात. गजकर्ण मात्र झोपत नाही, पसरतं. हीच ट्यूब गोरं होण्यासाठी तोंडाला लावणाऱ्या मुली आहेत. महिन्याभरात कातडी पातळ होते, उन्हात जाळ होतो, तोंडावर लव वाढते. काही बिननावाच्या गोरं करणाऱ्या क्रीममध्ये तर पारा असतो आणि तो कातडीतून रक्तात जाऊन मूत्रपिंडात बसतो. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ साली अशा क्रीममुळे मूत्रपिंड बिघडलेले पेशंट डॉक्टरांनी शोधून काढले.

पावसाळ्यात आणि रात्री दारं धरताना होणाऱ्या चिखल्या साध्या वाटतात. पण सतत ओल्या राहिलेल्या बोटांच्या बेचक्यात गिलावा फुगून सुटतो आणि तिथूनच पायाला सूज येणारा संसर्ग चढतो. घरी आलं की पाय धुऊन बेचक्या कोरड्या करायच्या. ज्यांना साखर आहे त्यांनी तर रोज रात्री तळपाय बघायचेच, स्वतःला दिसत नसेल तर सुनेला दाखवायचे. खिळा, काटा, उसाचं पाचट, ज्वारीचं धसकट खोल रुतलं तर धनुर्वाताचं इंजेक्शन.

आणि एक शेवटचं, कातडीच्या पहाऱ्याबद्दल. अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा असेल, खाजत नसेल, दुखत नसेल, आणि त्यावर मोरपीस किंवा पेनचं टोक फिरवलं तर कळत नसेल, तर तो कुष्ठरोगाचा असू शकतो. न दुखणारा चट्टा म्हणून बायका वर्षानुवर्षं पदराआड ठेवतात. या आजारात नसा मरतात, म्हणून भाकरी भाजताना बोट भाजतं ते कळत नाही, चप्पल चावते ते कळत नाही, आणि बोटं झिजतात ती अशा न कळलेल्या जखमांनी. शाप नाही, जंतू आहे. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, सहा महिने ते वर्षभर घ्याव्या लागतात, आणि गोळ्या सुरू झाल्यावर लवकरच तो माणूस दुसऱ्याला आजार देईनासा होतो. आशाताई तपासायला आल्या की पाठ आणि मांडीही दाखवा, फक्त हात पुढे करू नका. बाईमाणूसच तपासते, लाजायचं काही नाही.

पुढच्या महिन्याच्या ग्रामसंघाच्या बैठकीत प्रत्येक गटानं आपापल्या गावात चालणाऱ्या तीन औषधांच्या लेबलांचा फोटो मोबाईलवर आणावा. बाटली आणू नका. आपण मिळून त्रिकोणाचे रंग आणि "ई.सी." शोधू. रबरी हातमोजे एकत्र घेतले तर किती जोड लागतील याची यादीही गटाच्या सचिवाकडे द्या, आपल्या हाताचं माप घालून. कृषी सेवा केंद्रात मिळतात ते बहुतेक पुरुषांच्या मापाचे असतात, आणि ढिला मोजा कामात निघून जातो.